लॉजच्या फोनमधले आधारचे फोटो आधी आवरा

कोकणातल्या होमस्टेपासून शहरातल्या लॉजपर्यंत एक सवय सगळीकडे दिसते: पाहुणा आला की 'आधार व्हॉट्सअ‍ॅप करा'. तो फोटो रिसेप्शनच्या फोनच्या गॅलरीत उतरतो, तिथून आपोआप बॅकअपला जातो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. फोन हरवला किंवा कामगार नोकरी सोडून गेला, तर शेकडो कुटुंबांचे पत्ते आणि जन्मतारखा त्याच्यासोबत जातात. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

पाहुण्याकडून मास्क्ड आधार मागा. त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे 4 दिसतात, आणि यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावरून ते फुकट डाउनलोड होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे नवे फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. डिसअपिअरिंग मेसेजवर (ठरावीक काळाने आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजवर) विसंबू नका, कारण गॅलरीत उतरलेला फोटो त्याने पुसला जात नाही. पोलिसांसाठीची नोंदवही ठेवायचीच, पण ती काउंटरवर उघडी नको. पुढचा पाहुणा सही करताना मागच्याचा नंबर सहज वाचतो. जुन्या झेरॉक्स रद्दीत देण्याआधी बारीक फाडा.

पाहुण्यांचे वायफाय आणि बिलिंगचा संगणक एकाच नेटवर्कवर नकोत. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क', म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय, असतेच, ते चालू करा. बुकिंग सॉफ्टवेअरला प्रत्येक कर्मचाऱ्याचा वेगळा पासवर्ड द्या, आणि कर्मचारी सोडून गेला की तो पासवर्ड त्याच दिवशी बंद करा.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणासाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.