डिफरन्शियल लॉक: कधी लावावं, कसं लावावं, कधी काढावं

भातलावणीच्या दिवसांत मावळात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा उजवा पाय बघा. खाचरात मागचं एक चाक रुतून जागच्या जागी गरगरायला लागलं, की जाणता माणूस रेस वाढवत नाही. तो क्लच दाबून चाक थांबवतो, टाचेपाशी असलेलं लहानसं पेडल दाबतो आणि क्लच हळू सोडतो. ट्रॅक्टर निघतो. बांधाशी वळायच्या आत त्याने टाच उचललेली असते. फोर बाय फोर गाडीतल्या डिफ लॉकची रीत हीच आहे. चाक थांबवून लावायचं, सरळ जायचं, वळायच्या आत काढायचं.

मुळात अडतं कुठे?

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. मागच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.४ मीटर जास्त जातं, वळण लहान असो की मोठं. दोन चाकांना अशी वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक त्यांच्या मधे बसवलेला गिअरचा संच, म्हणजे डिफरन्शियल, देतं. पण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना ओढ सारखीच वाटून देतं. त्यामुळे ज्या चाकाला पकड कमी, ते जेवढी ओढ पेलेल तेवढीच दुसऱ्यालाही मिळते. एक चाक हवेत लटकलं की ते जवळपास काहीच पेलत नाही, म्हणून कोरड्या दगडावर घट्ट बसलेल्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही.

‘फोर बाय फोर लावलंय, चारही चाकं ओढतायत’ असं आपण समजतो, पण लॉक नसलेल्या गाडीचं पुढचं एक आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचं एक अशी दोन चाकं एकदम सुटली, की गाडी उभी राहते. ओढ्यात उतरताना, चाकोऱ्या तिरप्या ओलांडताना हे हमखास होतं. लॉक लावल्यावर त्या एक्सलची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आसाची, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, आणि ज्या चाकाखाली जमीन आहे ते गाडी ओढून नेतं.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा

यावर पुढची सगळी पद्धत ठरते, आणि बरेच चालक इथेच चुकतात.

फोर्स गुरख्यात पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना चालकाने लावायचं लॉक असतं. टोयोटा हायलक्समध्ये आणि थार रॉक्सच्या फोर बाय फोर गाड्यांत मागच्या एक्सलला विजेवर चालणारं लॉक मिळतं, ते बटणावर लागतं. या सगळ्यांत निर्णय तुमचा.

तीन दारांच्या थारच्या काही फोर बाय फोर प्रकारांत मागे यांत्रिक लॉक आहे, पण त्याला बटण नाही. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते आपोआप लागतं. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेला की ते लागतच नाही. म्हणून इथे चाक थोडं फिरू द्यावं लागतं. रेस अंगठ्याने दाबल्यासारखी, हलकी आणि एकसारखी ठेवा. खालून ‘ठक्’ असा आवाज येईल. तो ऐकून घाबरून पाय उचलू नका, कारण नेमकं तेव्हाच लॉक लागलेलं असतं आणि गाडी निघायच्या बेतात असते.

जिम्नीत लॉक नाही. फिरणाऱ्या चाकाला तिची यंत्रणा ब्रेक लावते, त्यामुळे ओढ त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकाकडे जाते. तिथेही युक्ती तीच. पाय स्थिर ठेवायचा, रेस एकसारखी द्यायची आणि यंत्रणेला दोन-तीन सेकंद द्यायचे.

उतरा, चाला, हवा काढा

लॉकला हात लावण्याआधी गाडीतून उतरा. वाट पायी चालून या. चिखल किती खोल आहे ते काठीने बघा. कोणतं चाक कुठे हवेत जाईल आणि एक्सलचा पोटाकडचा गोळा कोणत्या धोंड्याला लागेल, याचा अंदाज घ्या. लॉक चाकांना ओढ देतं, पोट वर उचलत नाही. चाकोरी एक्सलपेक्षा खोल असेल तर दोन्ही चाकं लॉक करूनही गाडी पोटावर टेकेल.

मग टायरची हवा कमी करा. रस्त्यावर ३० ते ३२ पीएसआय असेल तर दगडगोट्यांत आणि चिखलात २० ते २२ वर आणा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. नुसती हवा काढल्याने लॉकची गरजच न पडल्याचं मी कितीतरी वेळा पाहिलंय. मात्र परत भरायला पंप सोबत हवा. सोबत दुसरी गाडीही हवी, आणि ओढायचा पट्टा, तो गाडीला अडकवायची लोखंडी कडी (शॅकल), फावडं हे सामान हाताशी हवं.

लॉक लावणं

अडचणीच्या चार-पाच मीटर आधी थांबा. गाडी फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी गतीत जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये घ्या, स्टिअरिंग सरळ करा आणि मग लॉक लावा. हे चिखलात शिरण्याआधी करायचं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी उलट केलं होतं. एक चाक जोरात फिरत होतं, दुसरं थांबलेलं, आणि तेवढ्यात मी लॉक लावलं. मागून आलेला दणका अजून कानात आहे. स्थिर गिअरच्या दातांवर फिरता गिअर आदळला की दात उडतात, हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) पिळतो. रुतल्यावरच लॉक आठवलं तर आधी पाय उचला, चाकं पूर्ण थांबू द्या, मग लावा.

बटण दाबल्यावर डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा लुकलुकत राहिला तर लॉक अजून बसलेलं नाही. गाडी हातभर पुढे-मागे करा, स्टिअरिंग किंचित डावीकडे-उजवीकडे हलवा. दात एका रेषेत आले की ते बसतं आणि दिवा स्थिर होतो. दिवा स्थिर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुढे आणि मागे दोन्ही लॉक असतील तर आधी फक्त मागचं लावा. पुढचं लावलं की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायला नकार देते, नाकासमोर जाऊ बघते. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असेल तर पुढच्या जॉइंटवर फार ताण येतो. पुढचं लॉक शेवटच्या दोन-तीन मीटरसाठी आहे, तेही चाकं सरळ ठेवून.

आता जा, पण हळू

फोर लो, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला. इंजिनला आपल्या गतीने रांगू द्या. चढावर थोडी जास्त रेस लागेल, पण ती खाली चढ सुरू होण्याआधीच ठरवा, मधे झटके देऊ नका. अंगठे स्टिअरिंगच्या आतून अडकवू नका. चाक दगडावर आपटलं तर स्टिअरिंग फिरून अंगठा मोडू शकतो.

लॉक लागल्यावर इंजिनची सगळी ताकद एका चाकावर जाऊ शकते. एक चाक हवेत आणि दुसरं दोन धोंड्यांत अडकलेलं असेल, तर तो सगळा भार एका हाफ शाफ्टवर येतो, आणि फोर लोमध्ये तो भार दोन-अडीच पट असतो. गाडी हलत नसेल तर जोर वाढवू नका. थांबा, मागे या, रेषा बदला.

कोकणातली लाल माती आणि घाटमाथ्यापलीकडची काळी माती यांत फरक आहे. लाल चिखलाखाली बऱ्याचदा जांभ्याचा कठीण थर लागतो, तिथे लॉक लगेच गुण देतं. काळी माती मात्र टायरच्या खाचांत भरून चाक गुळगुळीत करते. दोन्ही चाकं गुळगुळीत झाली तर लॉक तरी काय करणार? अशा मातीत पाऊस चालू असताना शिरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठे लावू नये

कडेकडेने जाणाऱ्या उतारावर सर्वांत जास्त जपा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं जागा धरून असतं. लॉक असेल तर दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीची शेपटी दरीकडे सरकते. ओल्या, तिरप्या वाटेवर मागचं लॉक काढून, हलक्या पायाने जा.

डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर लॉक लावलेली गाडी वळवू नका. दोन चाकांतला तो २.४ मीटरचा फरक कुठेतरी निघावाच लागतो. टायर घासून नाही निघाला तर शाफ्ट पिळून निघतो. आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालूच नका. गोव्यात त्याला बंदी आहे, आणि भरतीचं पाणी लॉकला जुमानत नाही.

लॉक नीट वापरलं तर वाटही वाचते. गरगरणारं चाक माती खोदतं, चाकोरी खोल करतं, आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच वाहतं. ती वाट कुणाची तरी शेतावर जायची असते.

लॉक काढणं

कठीण जमिनीवर येताच काढा. बटण बंद करूनही दिवा जात नसेल तर शाफ्टमध्ये पीळ साठलेला असतो आणि त्याने दात धरून ठेवलेले असतात. सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे या, पीळ सुटतो. दिवा गेल्याची खात्री करूनच पहिलं वळण घ्या. मग फोर लो काढा, टायरमध्ये हवा भरा.

चाकांच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेला असाल तर घरी आल्यावर डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. त्या तेलावर गाडी पुन्हा घाटात चढवू नका, आधी बदला.