कलमातली शिक्षा कशी वाचायची: नव्या फौजदारी वकिलांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोर्टांत फौजदारी काम सुरू करणाऱ्या ज्युनिअरने कलम वाचून तिथेच थांबू नये. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत असतं. भारतीय न्याय संहितेतले गुन्हे तिथे कलमवार सापडतात. इतर कायद्यांसाठी मात्र दुसऱ्या भागात फक्त तीन ओळी आहेत, आणि वाद तिथेच होतात.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अनुसूचीची एक ओळ ‘तीन वर्षांहून कमी’ शिक्षेची, दुसरी ‘तीन वर्षे व अधिक’ची. यातली कुठली लावायची? निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात २०२२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पूर्ण तीन वर्षं देता येतात, म्हणून गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. इथे कमाल शिक्षा मोजली गेली.

डिफॉल्ट बेलमध्ये, म्हणजे ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर हक्काने मिळणाऱ्या जामिनात, हिशेब उलटा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७(२) मध्ये ९० दिवसांच्या मुदतीसाठी ‘दहा वर्षांहून कमी नाही’ असे शब्द होते. राकेश कुमार पॉल प्रकरणातल्या गुन्ह्याला चार ते दहा वर्षं शिक्षा होती. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी ठरवलं की किमान शिक्षाच दहा वर्षं हवी. म्हणून मुदत ६० दिवस. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण जामीन तोंडी मागितला तरी चालतो हेही त्यात आहे. गावाकडून आलेली आई ‘जामीन कव्हय भेटी?’ विचारते, तेव्हा उत्तर या मोजणीत असतं. मुदत अटकेपासून धरायची नाही. पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली ती तारीख धरून मोजायची. २०२३ मध्ये हे सुप्रीम कोर्टाच्या मोठ्या खंडपीठाने पक्कं केलं. चार्जशीट येण्याआधी हक्क मागितला नाही तर तो जातो.

बाल न्याय कायद्यातही तेच. ‘घोर गुन्हा’ म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं, असं शिल्पा मित्तल प्रकरणात २०२० मध्ये वाचलं गेलं.

डिफॉल्ट बेलसाठी १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) मध्ये शब्द बदलून ‘दहा वर्षे किंवा अधिक’ असे झाले आहेत. जुना निकाल दाखवण्याआधी नव्या शब्दांवर उच्च न्यायालयांनी काय म्हटलंय ते शोधा, आणि आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, तेव्हा तिथले निकाल आधी पाहा.