छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड निवडताना या चुका टाळा

लातूरला नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून इथं इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागलेल्या पोरांना पहिल्यांदा सुचतं ते टाकीची पातळी दाखवणारं यंत्र. मीही तेच करायला घेतलं होतं. त्याला लागतो मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा छोटासा कॉम्प्युटरच. डबीत मावेल असा बोर्ड हवा, एवढंच पाहून वाय-फायवाला ईएसपी८२६६ आणला. व्होल्टेज पाहिलंच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पातळी मोजायला आपण सहसा एचसी-एसआर०४ लावतो, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर. तो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची इको पिन, म्हणजे बोर्डाला सिग्नल देणारी पिन, तीही ५ व्होल्टच देते. ईएसपी८२६६, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको हे तिन्ही मात्र ३.३ व्होल्टचे. थेट जोडलं तरी रीडिंग येतं, म्हणून शंका येत नाही. पिन जाते ती नंतर. इकोपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, पुढे ग्राउंडला २ किलोओहमचा, आणि दोघांच्या जोडातून बोर्डाला वायर द्या. वाय-फाय नकोच असेल तर आर्डुइनो नॅनो घ्या, तो मुळातच ५ व्होल्टचा.

लाइट जाऊन आली की बोर्ड सुरूच होत नाही, ही तक्रार आमच्याकडं नेहमीची. नोडएमसीयूवर (ईएसपी८२६६ चिपचाच बोर्ड) डी३, डी४ किंवा डी८ या पिनांना रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, लावलाय का, ते आधी बघा. सुरू होताना चिप या पिनांची स्थिती वाचते. त्या वेळी डी३, डी४ला ३.३ व्होल्ट आणि डी८ला शून्य नसेल तर प्रोग्राम चालत नाही. रिले डी१ किंवा डी२वर घ्या.

मधूनच रीस्टार्ट होत असेल तर प्रोग्राम उलगडत बसू नका. वाय-फाय चालू असताना क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर करंट लागतो, आणि बारीक केबलमधून तो पोचत नाही.

शेतात बॅटरीवर ओलावा मोजायचाय? नोडएमसीयू नको. चिप झोपली तरी बोर्डावरची यूएसबी चिप आणि रेग्युलेटर जागे राहून बॅटरी खातात. त्यापेक्षा यूएसबी नसलेला आर्डुइनो प्रो मिनी बरा, ३.३ व्होल्टचा. डिजिस्पार्क नावाचा इवलासा बोर्ड दिसतो गोंडस, पण त्यात मेमरी फक्त ८ केबी आणि पिना सहा.

नवा नॅनो कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर परत करायची घाई करू नका. बऱ्याच नॅनोंवर सीएच३४० ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर टाका. दिसूनही प्रोग्राम चढत नसेल तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये बूटलोडर (प्रोग्राम चढवून घेणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम) ‘ओल्ड’ निवडून पाहा. पण या सगळ्याआधी केबल बदला. मोबाइलच्या बऱ्याच केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात.