पीएसटी हलकी करायला बसण्याआधी

आउटलुक या मेलच्या प्रोग्रामची साठवणीची फाइल फुगली की हात आधी डिलीटकडे जातो. थांबा. मागच्या वेळी मी याच घाईत चार वर्षांचे मेल घालवले. म्हणून आधी शेवटची पायरी सांगतो: बाहेर कॉपी केलेली फाइल उघडून बघितल्याशिवाय मूळ फाइलला हात लावायचा नाही.

आता सुरुवातीपासून. समोरची फाइल पीएसटी आहे की ओएसटी, ते बघा. पीएसटी म्हणजे आउटलुक तुमच्याच मशीनवर मेल साठवतं ती फाइल. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची सावली. ती कॉपी करून ठेवली म्हणजे अर्काइव्ह झालं असं समजू नका, दुसऱ्या प्रोफाइलमध्ये ती उघडत नाही. ती मोठी वाटत असेल तर किती महिन्यांचे मेल ऑफलाइन ठेवायचे ते अकाउंट सेटिंग्जमध्ये कमी करा. हलवायची ती पीएसटी. तिची मर्यादा आउटलुक 2002 पर्यंत 2 जीबी होती, 2003 ला 20 झाली, 2010 पासून 50 आहे. म्हणून कुणी 50 ची वाट बघत बसू नये. मी 10 च्या आसपास नवी फाइल काढतो, वर्षाला एक, नावात वर्ष. 'जुने मेल नवीन फायनल' असली नावं ठेवलीत तर पुढे तुम्हीच रडाल.

ऑटोअर्काइव्हवर, म्हणजे जुने मेल आपोआप वेगळ्या फाइलमध्ये हलवणाऱ्या आउटलुकच्या सोयीवर, सोडून निर्धास्त होऊ नका. ते मेल कधी आला एवढंच बघत नाही, शेवटचा बदल कधी झाला तेही बघतं. जुन्या मेलवर काल फ्लॅग लावला असेल तर तो जागचा हलत नाही. मी सरळ तारखेने लावून, निवडून, हाताने हलवतो. मोठ्या अटॅचमेंटचे मेल आधी, बाकी निवांत.

डिलीटेड आयटम्स रिकामे करा. हे झालं तरी फाइल तेवढीच दिसेल, कारण आतली जागा मोकळी झाली तरी फाइल लगेच आक्रसत नाही. अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, ती फाइल निवडून सेटिंग्ज, कॉम्पॅक्ट नाउ. याला खूप वेळ लागतो. मध्येच वैतागून मशीन बंद करू नका.

मग कॉपी. आउटलुक बंद करा, म्हणजे खरोखर बंद. टास्क मॅनेजरमध्ये ते अजून जिवंत नाही ना, बघा. माझं इथेच फसलं. अख्खा फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर ओढला, एका फाइलवर 'वापरात आहे' असा चौकोन आला, मी स्किप दाबलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर फोल्डर भरलेला, म्हणून मूळ पुसून टाकलं. स्किप झालेली नेमकी तीच फाइल होती.

म्हणून प्रत उघडा. फोल्डरमध्ये नाव दिसलं, आकार जुळला, एवढ्यावर समाधान मानू नका. आउटलुकमध्ये ओपन आउटलुक डेटा फाइल करून डिस्कवरची ती प्रत उघडा, सर्वात जुना मेल उघडा, एखादी अटॅचमेंट उघडा. फाइल रीड-ओन्ली असेल तर आउटलुक ती उघडणारच नाही, तो टिकमार्क काढा. मग आउटलुकमधून ती क्लोज करा. पुसायचं त्यानंतर. उघडली का? नक्की?

पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी32 असेल तर 4 जीबीची फाइल त्यावर मावत नाही, तो बदलून एनटीएफएस करून घ्या. फॉरमॅटमध्ये त्यावरचं सगळं जातं, हे माहीत असेलच. पीएसटी नेटवर्क ड्राइव्हवरून चालवू नका, बिघडते. बिघडलीच तर स्कॅनपीएसटी, म्हणजे आउटलुकसोबत येणारं दुरुस्तीचं टूल, पण तेही प्रतीवर. पासवर्ड ठेवलात तर लिहून ठेवा. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर. आणि हो, तीही उघडून बघा.