वर्गातले सॉफ्टवेअर बंद झाले, तर धडे कसे वाचवावेत

‘ही सेवा बंद होत आहे’ अशी सूचना आली की बहुतेक शिक्षक आधी पर्याय शोधायला बसतात. क्रम उलटा हवा. जुने सॉफ्टवेअर उघडते आहे तोवर आतले साहित्य बाहेर काढा. पर्याय महिनाभराने शोधला तरी चालतो.

ऑनलाइन सेवा असेल तर घाई खरी. गूगलच्या जॅमबोर्ड या ऑनलाइन फळ्यावरच्या फाइली १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या बघता येत होत्या, आणि ३१ डिसेंबरला सगळेच संपले. संगणकात टाकलेले सॉफ्टवेअर असे एका दिवसात जात नाही. त्याचे अपडेट थांबतात आणि पुढे विंडोज बदलली की ते उघडेनासे होते.

प्रत्येक धड्याच्या दोन प्रती ठेवा : मूळ फाइल आणि तिची पीडीएफ. पीडीएफमध्ये आवाज आणि हलणारी चित्रे येत नाहीत, म्हणून ती वेगळी काढावी लागतात. स्मार्ट नोटबुक या स्मार्ट फळ्याच्या सॉफ्टवेअरची फाइल म्हणजे आतून झिप फाइलच, म्हणजे अनेक फाइलींचे एक गाठोडे असते. तिची एक कॉपी करा, विंडोजच्या ‘व्ह्यू’मधून फाइलनावांची एक्स्टेन्शन (नावातल्या टिंबानंतरची इंग्रजी अक्षरे) दिसू द्या आणि नावाच्या शेवटचे ‘नोटबुक’ खोडून ‘झिप’ लिहा. उघडल्यावर चित्रे सुटी मिळतात. पॉवरपॉइंटच्या पीपीटीएक्स फाइलवरही हीच युक्ती चालते.

गुणांची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर-फाइलीत उतरवा, पण ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. देवनागरी नावांचा कचरा होऊ शकतो आणि ००७ हा हजेरी क्रमांक नुसता ७ होतो. ‘डेटा’ मेनूतून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा, ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरे नीट वाचणारी पद्धत) निवडा आणि क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा.

फ्लॅशवरचे जुने खेळ अजून फेकू नका. अडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला, तरी ‘रफल’ हे मोफत सॉफ्टवेअर एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या फाइली चालवते. अॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती १ आणि २ मधल्या फाइली बहुधा नीट चालतात. ३ मधल्या अधूनमधून अडतात. पडदा कोराच राहिला तर आधी फोल्डर तपासा. काही खेळ शेजारच्या दुसऱ्या फाइलीतून प्रश्न उचलतात आणि कॉपी करताना नेमकी तीच मागे राहते.

आता नव्याने बांधणी. जुन्या धड्याची हुबेहूब नक्कल करण्यात वेळ जातो. मुले त्यात नेमके काय करत होती, तेवढेच उचला. फुलाच्या चित्रावर भागांची नावे ओढून लावायची असतील, तर एक साधी स्लाइड पुरते : चित्र पार्श्वभूमीला, म्हणजे ते हलत नाही, आणि नावे सुट्या चौकटीत. ती संपादनाच्या खिडकीतच वापरायला द्या. स्लाइड-शो सुरू केला की चौकटी ओढता येत नाहीत. गंमत म्हणजे इथेच सगळ्यांची गाडी अडते. मूळ फाइल जपून ठेवा आणि दर तुकडीला नवी कॉपी द्या, नाहीतर दुसऱ्या तुकडीला उत्तरे आयतीच मिळतात.

नवे साधन घेताना त्यात एक धडा करून बघा आणि तो लगेच बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. उघडला नाही, तर ते साधन नको.

एखादे सॉफ्टवेअर जुन्या संगणकाशिवाय चालतच नसेल, तर तो संगणक ठेवा, पण इंटरनेटपासून तोडून. सुरक्षेचे अपडेट थांबलेले यंत्र नेटवर्कवर असणे धोक्याचे. फाइली पेनड्राइव्हने न्या आणि तो दुसऱ्या संगणकाला लावताना आधी व्हायरससाठी तपासा.