पेनांगला जहाज थांबलं की 204 नंबरची बस धरा

आपल्या दारव्हा-दिग्रसकडून कोणी सिंगापूरच्या क्रूझला निघालं असेल तर ही टीप. जहाज मलेशियातल्या पेनांग बेटावर थांबतं तेव्हा जहाजवाल्यांनी ठेवलेली बेटावरची सहल महाग पडते, आणि टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करण्यात वेळ जातो.

1. जहाज लागतं तो धक्का, स्वेटनहॅम पिअर, जॉर्जटाउन शहरातच आहे. तिथून किनाऱ्याच्या रस्त्यानं चालत वेल्ड क्वेच्या बसस्टँडवर या.

2. 204 नंबरची बस एअर इतम या भागावरून थेट पेनांग हिलच्या पायथ्याशी जाते. वर जायला रुळांवरची गाडी आहे, पण रविवारी रांग फार लांबते. मग सरळ अलीकडे एअर इतमला उतरून केक लोक सी हे बौद्ध मंदिर बघा. मला तर तेच जास्त आवडलं.

3. सुटे रिंगिट (मलेशियाचे पैसे) जवळ ठेवा. आपल्या एसटीसारखा कंडक्टर नसतो. पैसे ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे, उरलेले परत मिळत नाहीत.

4. शाकाहारी मंडळींनी परतताना जॉर्जटाउनमधल्या लिटल इंडिया या भारतीय वस्तीत जेवावं. इडली-डोसा हमखास मिळतो.

एक सांभाळा: जहाज सुटायची वेळ नाही, प्रवाशांनी परत चढायची वेळ लिहून घ्या. ती आधीची असते. तिच्याही तासभर आधी बंदरात पोचा. स्वतःच्या जिवावर फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही.