प्रिंटएफ आणि मिसळीचं बिल

माझा भाचा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा गिरगावात आमच्याकडे आला तो तोंड पाडूनच. “मावशी, उत्तरं बरोबर येतायत, पण सगळी एकमेकांना चिकटतायत.” बघितलं तर सी या संगणकभाषेतल्या त्याच्या प्रोग्रॅममध्ये, पडद्यावर छापणाऱ्या प्रिंटएफ या आज्ञेत, बॅकस्लॅश-एन, म्हणजे ‘ओळ बदल’ ही खूण, कुठेच नाही. सी आपणहून ओळ बदलत नाही. अवतरणचिन्ह बंद करायच्या आत बॅकस्लॅश-एन लिहायचं, की झालं.

मग म्हटलं, आता समोरच्या खानावळीचं बिल छाप. जिथे जे छापायचं तिथे त्याची खूण: पदार्थासाठी परसेंट-एस, नगांसाठी परसेंट-डी, रकमेसाठी परसेंट-एफ. त्याने साडेअठरा रुपये छापले, पडद्यावर आलं १८.५०००००! परसेंट-एफ दशांशानंतर सहा आकडे देतं. आपल्याला दोन हवेत आणि रकाना सरळ हवा, म्हणून परसेंट आणि एफच्या मध्ये ८.२ लिहायचं. ८ म्हणजे एकूण घरं, टिंबाचं घर धरून. १८.५० पाच घरं घेतं, म्हणून आधी तीन मोकळी सुटतात आणि आकडे उजवीकडे एका रेषेत येतात. नाव डावीकडून हवं तर परसेंट, वजा, १०, एस. खोली लहान पडली तर सी कुणाला बाहेर काढत नाही, भिंतच सरकवते. मजकूर कापला जात नाही, रकाना वाकडा होतो.

रोमनमध्ये नावं होती तोवर बिल सुतासारखं सरळ. मग पठ्ठ्याने हौसेने देवनागरीत ‘मिसळ’ लिहिलं आणि नगांचा आकडा नावाला येऊन चिकटला. कारण प्रिंटएफ इथे अक्षरं नाही, बाइट (संगणकाच्या साठवणीची छोटी एककं) मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत म, वेलांटी, स, ळ या चौघांचे प्रत्येकी ३, म्हणजे १२ बाइट. दहा घरं केव्हाच भरली, मग मोकळी जागा कुठून येणार? ‘वडा’चे ९ होतात, त्याला एक घर मिळतं. माझा उपाय आळशी आहे: नग आणि रक्कम आधी छापायची, नाव ओळीच्या शेवटी. त्यापुढे काही जुळवायचंच उरत नाही.

शेवटी जीएसटी ५% ची ओळ. अवतरणात परसेंट एकटं लिहिलं की सी पुढचं अक्षर सूचना समजून वाचायला जाते, म्हणून ते दोनदा लिहायचं. छापताना एकच दिसतं.